आठ धावा, सहा धावा, पाच धावा आणि म्हैसूर

ऑगस्ट महिन्यात म्हैसूरमध्ये कोणाचं वजन किती, हा गावभरचा विषय असतो. माणसांचं नाही, हत्तींचं. दसऱ्याच्या मिरवणुकीसाठी जंगलातल्या कॅम्पमधून हत्ती शहरात आणतात, त्यांना वजनकाट्यावर उभं करतात आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचं वजन किलोसकट पेपरात छापून येतं. साडेसातशे किलोची अंबारी वाहणारा अभिमन्यू पाच टनांच्या वर भरतो. चहाच्या टपरीवर लोक कौतुकाने बोलतात, ‘यंदा जरा उतरलाय’ किंवा ‘यंदा तब्येत छान आहे.’

नेमक्या त्याच महिन्यात, याच शहराचं नाव छातीवर लावून अकरा जण क्रिकेट खेळत असतात. त्यांची तब्येत कशी आहे हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. त्या संघाचं नाव म्हैसूर वॉरियर्स. मी त्यांची चाहती आहे. मराठीत असे चाहते किती आहेत माहीत नाही, पण एका हाताची बोटं पुरावीत.

थोडी ओळख करून देते. कर्नाटकात महाराजा ट्रॉफी नावाची टी-ट्वेंटी स्पर्धा होते. म्हैसूरच्या राजघराण्यातले आणि कर्नाटक क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष असलेले श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियार २०१३च्या डिसेंबरात गेले, त्यांच्या स्मरणार्थ हे नाव. सहा संघ असतात: बंगळुरू, म्हैसूर, हुबळी, मंगळुरू, गुलबर्गा आणि शिवमोग्गा. जेमतेम अडीच आठवड्यांत सगळं आटोपतं. गणपतीची वर्गणी गोळा होईपर्यंत इकडे कप देऊन झालेला असतो. याआधी केपीएल नावाची अशीच स्पर्धा होती. ती २०१९ नंतर मॅच-फिक्सिंगच्या पोलीस तपासात अडकून बंद पडली. मग २०२२ मध्ये नवं नाव, नवा कप, नवी सुरुवात.

मीही २०२२ मध्येच इथे आले. गाव वर्धा, शिक्षण बीए इंग्रजी, काम मजकूर लिहिण्याचं. हॉटेलं, होमस्टे, टूरवाले यांच्यासाठी मी लिहिते. ‘म्हैसूरमध्ये पाहण्यासारखी दहा ठिकाणं’ हा लेख आजवर किती वेळा लिहिला याची मोजदाद नाही. राजवाडा, चामुंडी टेकडी, देवराज मार्केट, प्राणिसंग्रहालय, वृंदावन गार्डन... शेवटी शेवटी तर बोटं आपोआप टाइप करतात. त्या दहांत गंगोत्री ग्लेड्स कधीच नसतं. गिऱ्हाईक विचारतं, तिथे पाहायला काय आहे? आणि खरं सांगायचं तर एरवी तिथे काहीच नसतं. एक मैदान असतं.

पण काय मैदान! म्हैसूर विद्यापीठाच्या आवाराचं नाव मानसगंगोत्री. हे नाव कुवेंपूंनी दिलं, ते कवी होते आणि त्या वेळी विद्यापीठाचे कुलगुरूही. कवीला कुलगुरू केलं की निदान नावं तरी चांगली पडतात. आवाराला लागून कुक्करहळ्ळीचं तळं आहे. सकाळी सहाला तिथे गेलात तर अर्धं म्हैसूर पांढऱ्या बुटांत चालताना दिसतं आणि तळ्यातल्या झाडांवर चित्रबलाक, पाणकावळे, कधी कधी झोळीवाले पेलिकन. तिथून आत मैदानाकडे वळलं की भोवती झाडंच झाडं. मुंबई-पुण्याकडच्या स्टेडियमसारख्या काँक्रीटच्या भिंती नाहीत. कोणीतरी बागेत मधोमध थोडी जागा मोकळी सोडली आणि म्हणालं, खेळा आता. अधिकृत नाव श्रीकंठदत्त नरसिंहराज वडियार मैदान, पण एवढं मोठं नाव रिक्षावाल्याला सांगेपर्यंत रिक्षा पुढे जाते. ‘ग्लेड्स’ म्हणायचं.

पहिल्या वर्षी स्पर्धेचा पहिला टप्पा इथेच होता. कानडी येत नव्हतं, ओळखी नव्हत्या, संध्याकाळी करायला काही नव्हतं. गेले. पाऊस होता, थांबला, परत आला. शेजारच्या बाईंनी न विचारता छत्री अर्धी माझ्यावर धरली आणि कागदाच्या पुडीतली चुरमुरी पुढे केली. आपल्या भेळेची ही चुलत बहीण: चुरमुरे, कांदा, किसलेलं गाजर, कच्ची कैरी, वरून खोबरेल तेलाची धार. त्या बाई कोणाच्या बाजूने ओरडत होत्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘परवागिल्ला.’ असू दे, चालतं, हरकत नाही, या तिन्हींसाठी इथे हा एकच शब्द आहे. वॉरियर्सचे चाहते व्हायचं असेल तर हा शब्द आधी शिकून घ्यावा.

संघाचे मालकही म्हैसूरचेच, सायकल अगरबत्तीवाले. १९४८ साली एन. रंगा राव यांनी या शहरात उदबत्तीचा धंदा सुरू केला, तो आज देवघरादेवघरात पोचला आहे. आमच्या वर्ध्याच्या घरातही तोच पुडा असायचा. शेवटच्या षटकात हवे असतात चौदा, हातात असतात दोन गडी, अशा वेळी चाहत्याच्या हातात उदबत्तीशिवाय असतं तरी काय? संघ आणि उदबत्ती एकाच घरातून येतात, हे मला धंद्याच्या दृष्टीने फार दूरदृष्टीचं वाटतं.

आता आमच्या घरमालक अंकलकडे वळायला हवं, कारण त्यांच्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही.

अंकल बँकेतून निवृत्त झालेले. सरस्वतीपुरममध्ये खाली ते आणि आंटी राहतात, वरच्या खोलीत मी. दर अकरा महिन्यांनी आमचा करार संपतो आणि नवा होतो. टी-ट्वेंटीला ते क्रिकेट मानत नाहीत. ‘ते जाहिरातींच्या मधे खेळतात,’ एवढंच म्हणतात. पण पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, ‘मगळे, तू महाराष्ट्राची ना?’ मगळे म्हणजे मुली. मी हो म्हटलं. अंकल थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘सहा धावांनी घेतलंत तुम्ही.’

मला वाटलं सीमाप्रश्नाबद्दल काही आहे.

नव्हतं. २०१०च्या जानेवारीत रणजी करंडकाची फायनल याच ग्लेड्सवर झाली होती, मुंबई विरुद्ध कर्नाटक. अंकल चारही दिवस गेले होते. बँकेत रजेचं कारण काय दिलं ते आंटी अजून विचारतात. मुंबई पहिल्या डावात २३३. कर्नाटक १३०, आविष्कार साळवीने पाच जण टिपले. दुसऱ्या डावात अभिमन्यू मिथुनने मुंबईची दाणादाण उडवली, सहा गडी घेतले, पण धवल कुलकर्णी हा मुळात गोलंदाज, तो ८७ करून गेला. अंकलचा खरा राग त्याच्यावर आहे. ‘गोलंदाजाने गोलंदाजी करावी,’ असं ते अजून म्हणतात.

कर्नाटकला हवे होते ३३८. तीन गडी लवकर गेले आणि मग वीस वर्षांचा मनीष पांडे गणेश सतीशला घेऊन उभा राहिला. मनीषचे १४४. धावफलक अडीचशेच्या पुढे गेला तेव्हाही तीनच गडी बाद होते. अंकल सांगतात की झाडांवरसुद्धा जागा उरली नव्हती, पोरं फांद्यांवर बसून ओरडत होती. त्यानंतर अजित आगरकरने पाच बळी पुरे केले, गडी एकामागून एक गेले आणि कर्नाटक ३३१ वर थांबलं. सहा धावा कमी. तो दिवस १४ जानेवारी, संक्रांत. इथेही आपल्यासारखंच, तीळ-गूळ-खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्ला वाटून गोड बोला म्हणायची पद्धत आहे. त्या संध्याकाळी अंकल कोणाशी गोड बोलले नाहीत.

‘अंकल, पण मी मुंबईची नाही. वर्धा आठशे किलोमीटर दूर आहे मुंबईपासून. रणजीत आमचा संघ विदर्भ.’

‘मराठी ना? मग एकच.’

हे मला तेव्हा लागलं होतं, खोटं कशाला सांगू. मुंबई-पुण्यात गेलं की ‘तुम्ही विदर्भाकडचे का’ असं वेगळ्या सुरात विचारतात आणि कर्नाटकात आलं की सगळ्या मुंबईच्या पापांचा हिशेब आपल्या नावावर. आणि हिशेब लांबलचक आहे. १९४१-४२ मध्ये तेव्हाचा म्हैसूर संघ रणजीच्या फायनलला पोचला तो मुंबईकडून हरायला. १९५९-६० मध्ये पुन्हा तेच. त्या काळात मुंबईने सलग पंधरा वर्षं करंडक घरी ठेवला. तो शेवटी १९७३-७४ मध्ये कर्नाटकाने सोडवला, उपांत्य सामन्यात प्रसन्नाने गावसकरचा त्रिफळा उडवला तेव्हा. हा चेंडू अंकल स्वतः हातात संत्रं घेऊन करून दाखवतात. आंटी म्हणतात, संत्री महाग आहेत.

कधी कधी मीही आगाऊपणा करते. रणजी स्पर्धेचा अगदी पहिला सामना १९३४च्या नोव्हेंबरात मद्रास विरुद्ध म्हैसूर असा झाला आणि म्हैसूर ४८ आणि ५९ वर बाद होऊन एका दिवसात हरलं, याची मी अंकलना आठवण करून दिली. तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता, पण आठवडाभर मला कॉफी मिळाली नाही.

मग एकदा मी माझा हुकमाचा पत्ता काढला. डिसेंबर २०१७, ईडन गार्डन्स, रणजीची उपांत्य फेरी. विदर्भ १८५, कर्नाटक ३०१. त्यात करुण नायरचे १५३. कर्नाटक फायनलला गेलंच म्हणून सगळे बसले होते. आमच्या पोरांनी दुसऱ्या डावात ३१३ केले आणि मग रजनीश गुरबानीने सात गडी काढले. कर्नाटक सर्वबाद १९२. ‘किती धावांनी जिंकलो माहीत आहे, अंकल? पाच.’

अंकलनी चष्मा काढला, पुसला, घातला. ‘म्हणजे तू खरंच मुंबईची नाहीस,’ ते म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांच्या घरात वेगळ्या गुन्ह्यासाठी ओळखली जाते, पण निदान तो माझा स्वतःचा आहे.

आता वॉरियर्स. केपीएलचा कप त्यांनी २०१४ साली जिंकला होता. त्यानंतर बरीच वर्षं देवघर रिकामं. २०२३ मध्ये कर्णधार करुण नायर. हा तोच, ज्याने २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध चेन्नईत नाबाद ३०३ केले आणि सेहवागनंतर कसोटीत त्रिशतक करणारा दुसरा भारतीय ठरला. नंतर भारतीय संघातून बाहेर, मग कर्नाटकातूनही बाहेर. २०२२ अखेरीस त्याने क्रिकेटलाच उद्देशून अजून एक संधी दे, अशी विनवणी सोशल मीडियावर लिहिली होती. मी त्या वर्षी नुकतीच नोकरीला लागले होते आणि तीन महिन्यांत माझे दोन क्लायंट गेले होते. ती ओळ वाचून मला वाटलं, हा माझा माणूस.

२०२३च्या उपांत्य सामन्यात या माणसाने चाळीस चेंडूंत शतक ठोकलं. मी वरच्या खोलीत इतकी ओरडले की आंटी पाल दिसली समजून झाडू घेऊन आल्या. फायनल हुबळी टायगर्सशी. हुबळीचा कर्णधार कोण? मनीष पांडे. होय, अंकलचा तोच मनीष, संक्रांतीच्या दिवसाचा. हुबळी २०३. म्हैसूर १९५. आठ धावा कमी.

आठ, सहा, पाच. ज्या ज्या संघाशी माझा काही संबंध येतो तिथे कोणीतरी एका चौकाराच्या आसपास हरतं. अंकल खालून म्हणाले, ‘मी म्हटलं होतं, जाहिराती बघ.’

आणि मग गंमत झाली. करुण नायर कर्नाटक सोडून रणजी खेळायला विदर्भात गेला. म्हणजे विदर्भाने एक मुलगी म्हैसूरला दिली आणि म्हैसूरने आपला कर्णधार विदर्भाला दिला. या सौद्यात कोण फायद्यात राहिलं हे मी बाबांना विचारलं नाही, कारण त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं. बाबांना मी सोडून गेल्याचं जेवढं दुःख आहे, त्याची त्यांनी क्रिकेटमधून बऱ्यापैकी भरपाई करून घेतली. ‘तुझा करुण आता आपला झाला ना बाप्पा! नागपुरात तर्री पोहे खाऊन राहिला असेल.’ फेब्रुवारी २०२४ मध्ये नागपुरात विदर्भ विरुद्ध कर्नाटक असा उपांत्यपूर्व सामना झाला आणि करुणने आपल्याच जुन्या संघाविरुद्ध ९० केले. विदर्भ जिंकलं. त्या संध्याकाळी मी जिन्यावरून चप्पल हातात घेऊन वर गेले.

२०२४चा वॉरियर्सचा मोसम मात्र मी जन्मभर सांगणार आहे. सगळे सामने बंगळुरूला. संघाचं नाव म्हैसूर, मैदान चिन्नास्वामी, मधे दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर. घरचा संघ घरी नसण्याची मला सवय झाली होती, मी स्वतः तशीच आहे.

सुरुवात कशी? एक दिवस वाघ, एक दिवस मांजर. गुलबर्ग्याविरुद्ध १९६ केले आणि स्मरण रविचंद्रन नावाच्या मुलाने एकट्याने १०४ काढून शेवटच्या चेंडूवर सामना ओढून नेला. मी मोबाईल उशीखाली ठेवला. दुसऱ्याच दिवशी मंगळुरूविरुद्ध करुणने ४८ चेंडूंत नाबाद १२४ केले, संघाचे २२६. मोबाईल उशीखालून बाहेर. मधून मधून पाऊस आणि पाऊस आला की केरळच्या एका अभियंत्याने, व्ही. जयदेवन यांनी, बनवलेलं गणित. भारतातल्या स्थानिक सामन्यांत डकवर्थ-लुईसऐवजी हेच व्हीजेडी वापरतात. इंग्रजी घेऊन बीए केलेल्या माणसाने त्यात पडू नये. स्क्रीनवर दिसतो तो आकडा मान्य करावा आणि उदबत्ती लावावी.

त्या वर्षी संघात समित द्रविडही होता, राहुल द्रविडचा मुलगा, वय अठरा, लिलावात पन्नास हजार रुपयांना घेतलेला. आपण मराठी लोक राहुलला आपलाच मानतो, घरात मराठी बोलतो म्हणून. बाबांनी पुढची पायरी गाठली. समितच्या आईचं माहेर नागपूरचं, म्हणजे मुलाचं आजोळ विदर्भात, म्हणजे तोही आपला. सात सामन्यांत त्याच्या ८२ धावा झाल्या. ‘वय काय त्याचं,’ बाबा म्हणाले. आजोळचे लोक असेच असतात.

१ सप्टेंबरला फायनल, समोर मयंक अगरवालचे बंगळुरू ब्लास्टर्स. याच ब्लास्टर्सने थोड्याच दिवसांपूर्वी हुबळीशी एकाच सामन्यात तीन सुपर ओव्हर खेळल्या होत्या आणि तरी हरले होते, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला थोडी माया वाटत होती. ती वीस षटकं बाजूला ठेवली. एस. यू. कार्तिकचे ७१, करुणचे ६६ आणि शेवटी मनोज भांडगेने तेरा चेंडूंत नाबाद ४४. एकूण २०७. ब्लास्टर्स १६२ वर थांबले. पंचेचाळीस धावांनी विजय! एकेरी आकड्यांत हरणाऱ्या माणसाला पंचेचाळीस म्हणजे किती, हे पटकन उमगत नाही. मी शेवटच्या षटकातही काहीतरी बिघडेल म्हणून वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहर बघायला मुद्दाम बाहेर पडले. कुठेतरी बॅनर, कुठेतरी ढोल? छे. नजरबादमध्ये मैलारीच्या लोण्याच्या डोशासाठी नेहमीची रांग होती. सय्याजीराव रोडवर, हो, आपल्या बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाच्या रोडवर, म्हैसूरपाकच्या दुकानासमोर नेहमीची गर्दी होती. मी पाव किलो म्हैसूरपाक घेतला आणि दुकानदाराला म्हटलं, काल आपण जिंकलो. त्याने मनापासून अभिनंदन केलं. मग विचारलं, ‘कशात?’

अंकलनी मात्र दोन तुकडे खाल्ले. जाहिरातींचा उल्लेख केला नाही.

जानेवारी २०२५ आमच्या घरी कठीण गेला. विजय हजारे स्पर्धेत विदर्भाचा कर्णधार करुण बादच होईना. फायनलपर्यंत त्याच्या धावा ७५२ आणि तो बाद झालेला फक्त एकदा, म्हणजे सरासरीही ७५२. पाच शतकं. फायनल कोणाशी? कर्नाटकाशी. बाबा वर्ध्यात, अंकल खाली, मी मधल्या जिन्यात. कर्नाटक ३४८. करुण आला, २७ वर पोचला आणि प्रसिध कृष्णाने त्याचा त्रिफळा उडवला. प्रसिध कोण? आदल्या मोसमात वॉरियर्सच्या संघात करुणचा सहकारी. विदर्भ ३६ धावांनी हरलं. अंकलनी आंटींकरवी वर कॉफी पाठवली. जिंकल्यावर कॉफी पाठवणं हे मला चिडवण्यापेक्षा वाईट वाटलं.

मग मार्चमध्ये जामठ्याला विदर्भाने केरळच्या नाकावर टिच्चून रणजी करंडक उचलला. करुणने पहिल्या डावात ८६, दुसऱ्यात १३५ केले आणि मोसमातल्या नवव्या शतकासाठी नऊ बोटं वर केली. त्या दिवशी मी खाली म्हैसूरपाक नेऊन दिला. फिटंफाट.

यानंतरचं लिहिताना हात थोडा जड होतो.

३ जून २०२५च्या रात्री आरसीबीने अठरा वर्षांनी आयपीएल जिंकली. म्हैसूरमध्ये मध्यरात्रीपर्यंत फटाके, गाड्यांचे हॉर्न, अनोळखी लोक अनोळखी लोकांना मिठ्या मारत होते. दर वर्षी ‘ई साला कप नमदे’ म्हणून हसू करून घेतलेल्या लोकांना एकदाचं खरं म्हणता आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बंगळुरूत चिन्नास्वामीबाहेर विजयाच्या सोहळ्याला लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली. अकरा माणसं गेली, बरीचशी माझ्या वयाची किंवा माझ्याहून लहान. बाबांनी तासाभरात तीन फोन केले. मी म्हैसूरमध्येच आहे, बंगळुरूत नाही, हे सांगूनही पुन्हा फोन आला. ‘नक्की खोलीतच आहेस ना?’

मी खोलीतच होते. पण आमच्या ऑफिसातली दोन मुलं सकाळची गाडी पकडणार होती, सुट्टी मिळाली नाही म्हणून राहिली. एका कपासाठी एवढं का, असं टीव्हीवर कोणीतरी विचारत होतं. मला ते उर्मट वाटलं. ज्यांनी आठ धावांनी, सहा धावांनी, वर्षानुवर्षं हरणं काढलंय त्यांना जिंकलेला दिवस जवळून बघावासा वाटतो, यात त्यांचं काय चुकलं? माणसं येणार हे ठाऊक असताना त्यांना नीट येऊ-जाऊ देणं हे त्यांचं काम नव्हतं.

त्या दुर्घटनेनंतर चिन्नास्वामीवर सामने घ्यायला पोलिसांची परवानगी मिळाली नाही आणि २०२५ची अख्खी महाराजा ट्रॉफी म्हैसूरला आली. मी तीन वर्षं ज्याची वाट पाहत होते ते असं आलं. माझ्या खोलीपासून मैदान जवळ, वॉरियर्स गतविजेते, आणि अख्खा मोसम मी फोनच्या पडद्यावर पाहिला. त्या पावसाळ्यात गर्दी या शब्दाचीच सगळ्यांना धास्ती होती. प्रकाशझोत दिसायचे झाडांवरून, आणि फोनवरचा चेंडू पडायचा ते अर्ध्या मिनिटानंतर, नेटवर्कच्या मर्जीने.

कर्णधार होता मनीष पांडे. लिलावात १२ लाख २० हजारांना घेतलेला. पंधरा वर्षांपूर्वी याच मैदानावर १४४ करून सहा धावांनी हरलेला, दोन वर्षांपूर्वी हुबळीसाठी आम्हाला आठ धावांनी हरवलेला, आणि आता आमचा. वय पस्तिशीला टेकलेलं. अंकल पहिल्यांदाच टी-ट्वेंटी बघायला वर आले. चप्पल दाराबाहेर काढली, खुर्चीवर ताठ बसले आणि मनीष फलंदाजीला आला की हातातली कॉफी खाली ठेवायचे. जाहिरात लागली की डोळे मिटायचे.

घरच्या मैदानावर घरचा संघ फायनलला नव्हता. मंगळुरू आणि हुबळी खेळले, मंगळुरू जिंकलं. फायनलच्या दिवशी अंकल वर आले नाहीत. मी एकटीने पाहिली. मंगळुरूला कप उचलताना पाहून वाईट वाटलं नाही, उलट कोणीतरी नवीन घरी गेला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पेपरात हत्ती होते.

त्यानंतर एक बातमी आली. करुण नायर इंग्लंडचा दौरा करून परतला होता, भारतीय संघातली जागा पुन्हा गेली होती आणि पुढच्या रणजी मोसमासाठी तो विदर्भ सोडून कर्नाटकात परत आला. अंकलनी ही बातमी मला जिन्यातच सांगितली. त्यांचा आवाज विजयाचा नव्हता, बाहेरगावी गेलेलं पोरगं परत आल्यावर शेजाऱ्यांना सांगतात तसा होता. बाबांचा फोन रात्री आला.

‘तो गेला बेटा आपल्या घरी,’ ते म्हणाले. थोडं थांबून, ‘तू कधी येतेस?’

नागपुरात आता तुझ्यासारखी कामं निघाली आहेत, आईचे गुडघे, घरची वरची खोली रिकामी, हे सगळं त्या तीन शब्दांत होतं. मी म्हटलं, करार जूनपर्यंत आहे. हे खरं होतं. उत्तर नव्हतं.

डिसेंबरात बाबा स्वतःच आले, पहिल्यांदा. मी दहा ठिकाणांची यादी तयार ठेवली होती, माझीच लिहिलेली. त्यांनी राजवाडा पाहिला, रविवारचे दिवे पाहिले, चामुंडीच्या हजार पायऱ्यांपैकी दोनशे चढून बसले आणि म्हणाले, ते मैदान कुठे आहे? अंकल म्हणाले, मी नेतो. स्कूटरवर दोघं पुढे, मी मागून रिक्षाने. पोचले तेव्हा मैदानाच्या कडेला दोघं उभे होते. कोणत्यातरी कॉलेजच्या पोरांचा सराव चालला होता. अंकल हिंदीत सांगत होते, कुठल्या झाडावर किती पोरं बसली होती आणि धवल कुलकर्णीने कुठल्या टोकाकडून किती अन्याय केला. बाबा ऐकून घेत होते. मग बाबांनी विचारलं, ‘और वो ईडन का मॅच देखा था क्या आपने, पाँच रन वाला?’

‘नहीं देखा,’ अंकल म्हणाले.

‘मैं बताता हूँ,’ बाबा म्हणाले आणि खिशातून रुमाल काढून कठड्यावर बसायला जागा पुसली, दोघांसाठी.

मी चुरमुरी आणायला गेले. ती घेऊन परत आले तेव्हा गुरबानीचे चारच गडी झाले होते.